किराणा दुकानासाठी स्मार्ट ट्रॉली: रचनेची सुरुवात तफावतीपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी सुमारे बारा हजार प्रकारचा माल ठेवणारं किराणा सुपरमार्केट आहे. सहा काउंटर आहेत, तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि सणांच्या आधी रांग दारापर्यंत जाते. घरातल्या इंजिनिअर मुलाने कॉलेजात आरएफआयडी (रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणारे टॅग) आणि लोड सेल (भार मोजणारे सेन्सर) वापरून ट्रॉलीचं मॉडेल केलं होतं. तेच मोठं करून, ग्राहकाने स्वतः स्कॅन करत फिरावं, बिल समोर दिसावं आणि रांग न लावता पैसे भरून जावं, अशी यंत्रणा कशी आखायची?

वजनकाटे आणि बिलिंग सॉफ्टवेअर यांची जोडणी हेच माझं काम आहे, म्हणून मी त्या बाजूने सांगतो. स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी यांचा विचार नंतर करा. ग्राहकाने जे स्कॅन केलं आणि ट्रॉलीत प्रत्यक्ष जे पडलं, त्यांत तफावत आली की यंत्रणा काय करणार, हे आधी कागदावर उतरवा. काउंटरवर ही तफावत माणूस मिटवतो. कोड वाचला गेला नाही तर तो हाताने आकडे टाकतो, भाव चुकला तर मागे वळून कुणाला तरी विचारतो, ग्राहकाने एखादी वस्तू नको म्हटलं तर बाजूला काढून ठेवतो. ट्रॉलीत तो माणूस नसतो. त्याची जागा कशाने भरून काढायची, हाच खरा रचनेचा प्रश्न आहे.

त्याही आधी एका शनिवारी संध्याकाळी काउंटरमागे उभे राहा आणि वेळ नेमका कुठे जातो ते घड्याळ लावून बघा. चाळीस वस्तूंचं सामान असेल आणि एका वस्तूला तीन सेकंद धरले, तर स्कॅनिंगला दोनच मिनिटं लागतात. उरलेला वेळ सुट्या मालावर लेबल नसणं, एकाच पुड्याच्या दोन एमआरपी, ‘एकावर एक’ची स्कीम संपली की चालू आहे ही शंका, सुटे पैसे, पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंतची वाट आणि पिशव्या भरणं यांत जातो. ट्रॉली यातलं स्कॅनिंग आणि पिशव्या भरणं काउंटरवरून उचलते. बाकीच्या अडचणी मुळाशी सोडवल्या नाहीत तर त्या ट्रॉलीबरोबर दुकानभर फिरू लागतील, आणि तिथे त्या सोडवायला कुणी नसेल.

आता आरएफआयडी. कॉलेजच्या मॉडेलमध्ये ते चांगलं चालतं, कारण तिथे पाच-सहा वस्तू असतात आणि टॅग हाताने चिकटवलेले असतात. आपल्याकडे यूएचएफ, म्हणजे अति-उच्च वारंवारतेचं, आरएफआयडी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतं. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवरून परततात. दुधाची पिशवी, शॅम्पूची बाटली, तुपाचा पत्र्याचा डबा, आतून चंदेरी असलेली वेफर्सची पाकिटं असा माल किराण्याच्या ट्रॉलीत सगळीकडे पसरलेला असतो. वर ट्रॉलीही लोखंडी जाळीची. शेजारून जाणाऱ्या ट्रॉलीतला टॅग आपल्या बिलात येण्याची भीती वेगळीच. आणि हे सगळं जमवलं तरी दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर काही रुपयांचा टॅग कोण लावणार आणि कोणाच्या खर्चाने? खेळाचं सामान विकणाऱ्या डेकॅथलॉनसारख्या दुकानांत आरएफआयडी यशस्वी आहे, कारण तिथला बहुतेक माल त्यांच्याच ब्रँडचा आहे, टॅग कारखान्यापासून लागून येतो आणि वस्तूची किंमत तो खर्च पेलते. किराण्याचं गणित तसं नाही. हा रस्ता सोडून द्या.

नुसत्या कॅमेऱ्याच्या भरवशावरही जाऊ नका. अमेझॉनने डॅश कार्ट ही आपली स्मार्ट ट्रॉली २०२० मध्ये जाहीर केली. त्याच कंपनीची छताला कॅमेरे लावून चालणारी ‘जस्ट वॉक आउट’ ही दुसरी पद्धत होती. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या ‘अमेझॉन फ्रेश’ या मोठ्या किराणा दुकानांतून ती काढून घेऊन ट्रॉलीवर भर द्यायचं ठरवलं. फिरतानाच बिल आणि बचत दिसावी ही ग्राहकांची अपेक्षा त्यामागे होती. घरपोच किराणा पोचवणाऱ्या इन्स्टाकार्टनेही २०२१ मध्ये स्मार्ट ट्रॉली बनवणारी केपर एआय ही कंपनी विकत घेतली. म्हणजे ट्रॉलीची दिशा चुकीची नाही. मात्र कॅमेऱ्याने बारा हजार वस्तूंतून नेमकी वस्तू ओळखावी ही अपेक्षा जड आहे. तूरडाळीची अर्धा किलोची आणि एक किलोची पिशवी वरून सारखीच दिसते. कंपनी सणासाठी वेष्टन बदलते. तुमच्याच दुकानात भरलेल्या पारदर्शक पिशव्यांत साबुदाणा आणि वरई शेजारी शेजारी असतात. कॅमेऱ्याला मी साक्षीदार म्हणून ठेवीन. मुख्य काम बारकोड आणि वजन या जोडीकडेच द्यावं.

बारकोड सांगतो की वस्तू कोणती आहे, आणि वजन सांगतं की काहीतरी आत आलं किंवा बाहेर गेलं. दोन्ही जुळलं तर पुढे जा, नाही तर विचारा. ऐकायला सोपं आहे, पण हे वजन मिळवणंच सर्वांत अवघड काम आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

ट्रॉलीची टोपली सांगाड्यावर थेट टेकता कामा नये. ती चार कोपऱ्यांतल्या चार लोड सेलवर तरंगती असावी आणि बाजूने कुठेही घासू नये. मुठीवर ग्राहक भार टाकतो, मुठीला पर्स अडकवतो, म्हणून मूठ सांगाड्याला जोडा, टोपलीला नाही. लहान मुलाला बसवायची जागासुद्धा सांगाड्यावरच घ्या. मूल हललं की वजन नाचतं, आणि मूल टोपलीच्या भारातच धरलं असेल तर दहा ग्रॅमचा हिशेब कधीच लागणार नाही. मुलं टोपलीवर चढतात, कामगार तांदळाची पंचवीस किलोची गोणी वरून टाकतो. लोड सेलच्या खाली ठरावीक अंतरावर आधार ठेवा, म्हणजे जास्तीचा भार त्या आधारावर जाईल आणि सेल वाकणार नाही.

चारही सेलचे तारांचे जोड एकत्र करून एकच आकडा घेणं स्वस्त पडतं. तरी शक्य असेल तर प्रत्येक सेल स्वतंत्र वाचा. दोन फायदे होतात. वस्तू कोपऱ्यात ठेवली काय आणि मधोमध ठेवली काय, वजन तेच दिसायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येक कोपऱ्याची दुरुस्ती वेगळी करता येते. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. भाराचा मध्य कुठे आहे ते कळतं. ग्राहकाने तेलाचा डबा खाली आणि टोमॅटो वर अशी आवराआवर केली, तर एकूण वजन शेवटी तेवढंच राहतं पण मध्य सरकतो. ही आवराआवर आहे, नवीन वस्तू नाही, हे यंत्रणेला उमगतं आणि ग्राहकाला विनाकारण अडवलं जात नाही.

मॉडेलमध्ये वापरलेली, लोड सेलचा संकेत आकड्यांत बदलणारी एचएक्स७११ चिप शिकायला उत्तम आहे. ती सेकंदाला १० किंवा ८० वेळा वजन वाचते. २४ बिटचा आकडा बघून मात्र हुरळू नका. त्यातले सर्वांत बारीक फरक दाखवणारे खालचे बिट निव्वळ गोंगाट असतात. ट्रॉली फरशीच्या जोडांवरून जात असताना वजन वाचूच नका. एक छोटा हालचाल सेन्सर बसवा. ट्रॉली थांबली आहे आणि गेल्या अर्ध्या सेकंदातली वाचनं एकमेकांच्या जवळ आहेत, असं दोन्ही जुळल्यावरच आकडा धरा. आपल्याला एकूण वजनही नको आहे; वस्तू पडण्याआधीचं आणि नंतरचं यांतला फरक हवा आहे. तापमानाने किंवा वेळेने काटा सावकाश सरकला तरी दोन-तीन सेकंदांतल्या फरकावर त्याचा परिणाम नगण्य राहतो.

तरीही मर्यादा ओळखा. काट्यांच्या नियमांत दुकानातला नेहमीचा काटा तिसऱ्या वर्गात येतो. १० ग्रॅमच्या पायरीचा (म्हणजे दहा-दहा ग्रॅमने आकडा बदलणारा) ४० किलोपर्यंतचा असा काटा पूर्ण भाराजवळ तपासणीच्या वेळी १५ ग्रॅम इकडे-तिकडे चालतो. हा झाला टेबलावर स्थिर उभा असलेला काटा. तुमचा काटा चाकांवर आहे. त्यामुळे पाच रुपयांची मसाल्याची पुडी भरलेल्या ट्रॉलीत पडली तर ती वजनात दिसणार नाही, हे मान्य करून चाला. अशा पुड्यांच्या मागे लागून काटा अधिक बारीक करू नका. खर्च वाढेल आणि खोट्या सूचना, म्हणजे चूक नसताना ग्राहकाला अडवणं, त्याहून जास्त वाढतील. वजनाला हलक्या पण किमतीला भारी वस्तू तेवढ्या वेगळ्या काढा. केशर, वेलदोडे, दाढीची ब्लेड, काही सौंदर्यप्रसाधनं काउंटरवरच द्या.

आता प्रत्येक वस्तूचं अपेक्षित वजन कुठून आणणार? पाकिटावर छापलेलं नको, ते निव्वळ वजन असतं. काचेच्या बरणीतल्या लोणच्याचं भरलेलं वजन छापलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं. शिवाय निव्वळ वजनातही कायद्याने थोडी सूट आहे. २०११ च्या पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे अर्धा ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमची, आणि त्यावर १० किलोपर्यंत दीड टक्क्याची चूक सामावून घेतली जाते. पाच किलोच्या आट्याच्या पिशवीला ती ७५ ग्रॅम होते. म्हणून माल इनवर्ड होतो, म्हणजे दुकानात आल्यावर नोंदला जातो, तिथेच वजनाची नोंद सुरू करा. प्रत्येक कोडचे आठ-दहा नग काट्यावर ठेवा, सरासरी आणि फरकाचा आवाका साठवा. पुढे दुकानात रोज होणारं प्रत्येक बिनचूक स्कॅन ही नोंद सुधारत जाईल. कंपनीने बरणी बदलली की सरासरी अचानक सरकते. तेव्हा ग्राहकांना अडवण्याऐवजी यंत्रणेने तुमच्या माणसाला कळवावं की हा कोड पुन्हा तोला. बारा हजार कोड एकदम तोलू नका. जास्त खपणाऱ्या हजार-दीड हजारांपासून सुरुवात करा, बाकीचे चालता चालता भरत जातील.

वजनाला एक गोष्ट कधीच पकडता येत नाही. एक किलो साखर स्कॅन करून एक किलो काजू ठेवले, तर वजन जुळतं. इथे कॅमेरा कामाला येतो, आणि त्याला आता सोपा प्रश्न विचारायचा असतो. बारा हजारांतली कोणती, हे विचारायचं नाही. आत्ता आत गेलेली वस्तू साखरेच्या पिशवीसारखी दिसते की नाही, एवढंच. पडताळणी ओळखण्यापेक्षा खूप हलकी असते, साध्या प्रोसेसरवर चालते आणि तिची चूकही कमी घातक ठरते. कॅमेरा टोपलीच्या तोंडाकडे, खाली बघणारा लावा. ग्राहकाचा चेहरा त्यात यायचं काहीच कारण नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गावातले लोक तुमच्या दुकानात विश्वासाने येतात. मोबाइल नंबर दिल्याशिवाय ट्रॉली सुरूच होत नाही, असंही करू नका.

सुरुवातीला म्हटलेल्या तफावतीकडे आता येऊ. एक साधं गणित मांडतो. प्रत्येक वस्तूमागे खोटी सूचना येण्याचं प्रमाण दोन टक्के धरा. ऐकायला थोडं वाटतं. चाळीस वस्तूंच्या खरेदीत मात्र एकदा तरी अडवल्या जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण ५५ टक्के होतं. हेच प्रमाण वस्तूमागे ०.३ टक्क्यावर आणलं तर अडणारे ग्राहक सुमारे ११ टक्के राहतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रामाणिक माणसांना तुमची ट्रॉली चुकीची ठरवणार, की नऊ जणांतल्या एकाला, हे या एका आकड्यावर ठरतं. वजनाच्या सहनशीलतेची मर्यादा ठरवताना हाच आकडा समोर ठेवा. मर्यादा सैल केली तर थोडा माल सुटेल. आवळली तर ग्राहक सुटेल, आणि तो परत येत नाही.

म्हणून तफावत आली की पहिल्यांदा काहीही करू नका. दहा-बारा सेकंद थांबा. बहुतेक वेळा ग्राहक दोन वस्तू हातात धरून एक स्कॅन करतो, दोन्ही ठेवतो आणि मग दुसरी उचलून स्कॅन करतो. तेवढ्या वेळात हिशेब आपोआप जुळतो. नाहीच जुळला तर स्क्रीनवर शांतपणे लिहा: ‘शेवटची वस्तू पुन्हा स्कॅन करून ठेवा.’ लाल रंग नको, भोंगा नको, चाकं अडवणं तर अजिबात नको. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून बघितलं की ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या बाईंना काय वाटतं, याचा विचार करूनच शब्द आणि रंग निवडा. ‘ही माझी पिशवी आहे’ असं एक मोठं बटण कायम दिसू द्या, कारण लोक बाजारातून भाजी घेऊन दुकानात येतात आणि ती पिशवी ट्रॉलीत ठेवणारच. त्या बटणाने वाढलेलं वजन बाजूला नोंदलं जाईल आणि बाहेर पडताना तेवढीच पिशवी नजरेखालून घालता येईल.

त्यानंतरही तफावत उरली तर ती खात्यात ठेवून ग्राहकाला पुढे जाऊ द्या. प्रत्येक तफावतीला तिच्या संभाव्य किमतीप्रमाणे गुण द्या, आणि बाहेर पडताना गुणांची बेरीज एका मर्यादेच्या वर गेली तरच मदतनीसाने दोन-तीन वस्तू तपासाव्यात. दाराशी बिलावर टिक करणारा किंवा भोक पाडणारा माणूस आपल्याकडे आधीच असतो. त्याच्या हातात फोन द्या आणि कोणती वस्तू बघायची ते त्याला नेमकं सांगा. सगळी पिशवी उपसायची वेळ येऊ नये. मर्यादेच्या आतल्या ग्राहकांपैकीही काहींची तपासणी चिठ्ठी काढल्यासारखी करत राहा, नाही तर यंत्रणेच्या नजरेतून काय निसटतंय ते तुम्हाला कधी कळणार नाही.

भावाचा प्रश्न आपल्याकडे परदेशी यंत्रणांपेक्षा कठीण आहे. अमेरिकेत छापील कमाल किंमत नसते. दुकान लावेल तो एकच भाव. आपल्याकडे एकाच बारकोडच्या जुन्या आणि नव्या मालावर वेगवेगळ्या एमआरपी असतात, आणि एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांनी शेल्फवरचा जुना-नवा माल हाताळला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. काउंटरवरचा मुलगा पाकिट उलटून बघतो आणि योग्य ओळ निवडतो. ट्रॉलीवर त्यासाठी दोन मोठी बटणं दाखवा, दोन्ही एमआरपी ठळक लिहा आणि ग्राहकाने पाकिटावर बघून निवडावं. निवडलं नाही तर कमी किंमत धरा. यात कधी दोन रुपये जातील, पण कायद्याच्या आणि ग्राहकाच्या दोन्ही बाजूंनी तुम्ही निर्धास्त राहाल. जास्त हलणाऱ्या मालाला इनवर्डच्या वेळीच दुकानाचं स्वतःचं बॅच लेबल लावलं तर हा प्रश्न विचारावाच लागत नाही. जीएस१ ही बारकोडची जागतिक संस्था २०२७ अखेरपर्यंत काउंटरवर क्यूआरसारखे चौकोनी द्विमितीय कोड वाचले जावेत यासाठी प्रयत्न करते आहे. त्या कोडात बॅच आणि मुदतही येऊ शकते. म्हणून स्कॅनर आत्ताच दोन्ही प्रकारचे कोड वाचणारा घ्या. तो चुरगळलेल्या प्लॅस्टिकवरचे उभ्या रेघांचे कोडही जास्त चांगले वाचतो.

सुट्या मालाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. ट्रॉलीच्या वजनावर कधीही किंमत लावू नका. वैधमापन कायदा, २००९ प्रमाणे व्यवहारात वापरलेला काटा पडताळलेला आणि शिक्का मारलेला असावा लागतो. तीस ट्रॉल्यांचे तीस हलते काटे दरवर्षी पास करून घेणं तुम्हाला परवडणार नाही, आणि ते त्या कसोटीला उतरतीलच असंही नाही. सुटी डाळ, गूळ, भाजी नेहमीच्या शिक्क्याच्या काट्यावर तोला आणि लेबल काढा. दुकानांतर्गत वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे कोड राखीव असतात. २१ नंतर पाच अंकी मालाचा क्रमांक, मग पाच अंकी ग्रॅम आणि शेवटी तपासणीचा अंक, अशी मांडणी बहुतेक लेबल काटे करून देतात. ट्रॉली तो कोड वाचून आतलं वजन घेईल आणि आपल्या काट्याशी ताडून बघेल. ट्रॉलीच्या स्क्रीनवर वजनाचा आकडा दाखवूही नका. ग्राहक तो खरा काटा समजतो आणि पाच ग्रॅमवरून वाद सुरू होतो.

सॉफ्टवेअरचं त्या मानाने सरळ आहे. बारा हजार वस्तूंची नावं, भाव, एमआरपी, वजनं धरून नोंद पाच एमबीच्याही आत बसते, म्हणून संपूर्ण यादी प्रत्येक ट्रॉलीतच ठेवा. लोखंडी रॅक आणि तेलाच्या डब्यांच्या गल्लीत वाय-फाय तुटणारच. त्याने स्कॅनिंग थांबता कामा नये. ट्रॉलीने प्रत्येक घटना, म्हणजे स्कॅन, वजन वाढलं, कमी झालं, वस्तू काढली, क्रमांक घालून लिहीत जावी आणि नेटवर्क मिळालं की सर्व्हरला पाठवावी. एकच घटना दोनदा पोचली तरी बिलात एकदाच धरली जाईल याची काळजी क्रमांकामुळे घेता येते. ग्राहक दुकानात असताना तुम्ही भाव वाढवला तर त्याने स्कॅन केलेल्या वेळचाच भाव लावा. अंतिम बिल आणि त्याचा क्रमांक मात्र तुमच्या आत्ताच्या बिलिंग सॉफ्टवेअरनेच काढावा, म्हणजे साठा आणि जीएसटीचे हिशेब दोन ठिकाणी राहणार नाहीत.

यादी ट्रॉलीत टाकण्यापूर्वी तिच्यातली नावं नीट करा. ‘टीडी पीआरएम १के’ असलं काउंटरवाल्यालाच कळणारं नाव ग्राहकापुढे चालत नाही. ‘तूरडाळ, १ किलो’ असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि एकूण रक्कम स्क्रीनवर सर्वांत मोठी. ज्या घरात महिन्याचं सामान ठरलेल्या रकमेत बसवावं लागतं, तिथे काउंटरवर पोचल्यावर चार वस्तू परत काढायला लागणं फार जिव्हारी लागतं. रॅकपाशीच बेरीज दिसली तर ते टळतं. रांग कमी होण्याइतकाच हा फायदा मोठा आहे, आणि माझ्या मते स्मार्ट ट्रॉली करायचं हेच सर्वांत चांगलं कारण आहे.

पैसे भरताना ‘बिल पूर्ण’ दाबताच टोपलीचं वजन गोठवा आणि त्या रकमेचा यूपीआय क्यूआर दाखवा. त्यानंतर वजन वाढलं तर क्यूआर रद्द होऊन नवा यावा. पैसे आले हे बँकेकडून किंवा पेमेंट गेटवेकडून सर्व्हरला कळलं तरच खरं. ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक पुरावा धरू नका. रोख देणाऱ्यांसाठी आणि जेवणाची कार्डं वापरणाऱ्यांसाठी एक-दोन काउंटर फक्त वसुलीचे ठेवा. ट्रॉलीवरचा कोड वाचला की पूर्ण बिल तिथे उघडेल, पुन्हा स्कॅनिंग लागणार नाही. रोखीवाल्यांना या सोयीतून वगळलंत तर तुमची निम्मी रांग तशीच राहील.

बॅटरीचा हिशेब हाताने करता येतो. स्क्रीन, स्कॅनर, कॅमेरा आणि प्रोसेसर मिळून सरासरी १२ वॉट धरा. दहा तासांना १२० वॉट-तास. १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १५४ वॉट-तास देते, त्यातले ८० टक्के वापरले तर दिवस निघतो. बॅटरी काढून बदलता येईल अशीच बसवा. ट्रॉल्या एकात एक सरकवल्या की आपोआप चार्ज होणारे संपर्क दिसायला आकर्षक आहेत, पण धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा त्यांना टिकू देत नाही. आणि एकात एक सरकण्याचा गुण गमावू नका. सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत खरेदीची ट्रॉली आणली, पण ती जागा न अडवणारी झाली ती ऑर्ला वॉटसन यांनी १९४०च्या दशकात एकात एक बसणारी रचना केल्यावर. स्क्रीन किंवा कॅमेऱ्याचा दांडा आडवा आला तर तीस ट्रॉल्या तुमचं अर्धं प्रवेशद्वार खातील.

सुरुवात पाच ट्रॉल्यांनी करा, तीसने नाही. पहिल्या दिवसापासून चार गोष्टी लिहून ठेवा: शंभर वस्तूंमागे किती सूचना आल्या, त्यांतल्या किती खोट्या निघाल्या, मदतनीसाला किती वेळा धावावं लागलं आणि चिठ्ठीच्या तपासणीत किती रुपयांचा फरक सापडला. कोणत्या आकड्याला पुढे जायचं आणि कोणत्या आकड्याला थांबायचं, हे ट्रॉली दुकानात आणण्याआधी ठरवून भिंतीवर लावा. पैसे खर्च झाल्यावर ठरवायला बसलात तर प्रत्येक आकडा चांगलाच वाटेल. काउंटरवरच्या मुलामुलींना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. कोणत्या कोडला कायम अडचण येते हे त्यांना पाठ असतं, आणि पुढे मदतनीस म्हणून तेच उभे राहणार आहेत. वेळ निवडायची झाली तर पितृपक्षातले दिवस बघा. तेव्हा गर्दी कमी असते, माणसांना शिकायला उसंत मिळते आणि वजनाच्या नोंदी दिवाळीच्या गर्दीआधी बऱ्याचशा पक्क्या झालेल्या असतात. नवरात्रात फक्त ओळखीच्या नेहमीच्या ग्राहकांना ट्रॉली द्या. दिवाळीच्या आठवड्यात खोट्या सूचनांचं प्रमाण ठरवलेल्या आकड्याच्या वर असेल तर ट्रॉल्या बाजूला ठेवून सहाही काउंटर चालू ठेवा, आणि राहिलेली दुरुस्ती तुळशीच्या लग्नानंतर हाती घ्या.